जपानच्या उन्नतीची किंमत आणि कोकणाचा हिशेब

दापोली तालुक्यातलं मुरुड आज पुण्या-मुंबईच्या लोकांना समुद्रकिनाऱ्यामुळे माहीत आहे. पण या गावाचं नाव महाराष्ट्राबाहेर गेलं ते धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. त्यांचा जन्म १८५८ साली आजोळी शेरवलीला झाला, वाढले ते मुरुडात. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. आणि १९१५ साली याच कर्व्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, हाती टपालाने एक लहानशी पुस्तिका आली. टोकियोतल्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी. त्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचा व्याप मोठा होता, म्हणून ती त्यांनी बाजूला ठेवून दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणाची जुळवाजुळव करताना पुस्तिका पुन्हा बाहेर निघाली आणि अध्यक्षीय भाषणात अण्णांनी भारतीय महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली विद्यापीठ सुरू झालं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने आज आपण ते एस.एन.डी.टी. म्हणून ओळखतो.

जपानकडून महाराष्ट्राने घेतलेल्या गोष्टींत ही सगळ्यात टिकाऊ. तशी जपानची मोहिनी त्याआधीपासूनच होती. १९०५ साली जपानने रशियाला हरवलं आणि आशियाई माणूस युरोपीय सत्तेला नमवू शकतो, हे आपल्याकडच्या शिकलेल्या वर्गाने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ च्या सुमारास उभा राहिला, त्याचे तंत्रज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय काचेची विद्या शिकायला जपानलाही जाऊन आले होते. शिस्त, स्वदेशी, कारखाने, मुलींच्या शाळा: जपान म्हणजे आपणही करू शकू अशा सगळ्याची यादी. या यादीवर शंभर वर्षं मराठीत भरपूर लिहिलं गेलं. त्या उन्नतीचं बिल कोणी भरलं, आणि बिल भरणाऱ्यांच्या बाजूला तिथला धर्म उभा राहिला की नाही, हे प्रश्न मात्र आपण फार कमी वेळा विचारले. कोकणाने तर ते विचारायलाच हवेत. कारण त्या हिशेबाच्या वहीत कोकणाच्या नावावरही नोंदी आहेत.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. १८६८ मध्ये जपानात मेइजी राजवट आली. नव्या सरकारला फौज हवी होती, आगगाड्या हव्या होत्या, आणि त्यासाठी रोख पैसा हवा होता. १८७३ च्या कायद्याने शेतसारा धान्याऐवजी रोखीत आणि जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के ठरला. पीक बुडालं तरी सारा भरायचाच. ठिकठिकाणी शेतकऱ्यांची बंडं झाली तेव्हा १८७७ मध्ये तो अडीच टक्क्यांवर आणावा लागला. त्याच १८७३ साली सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तिच्याविरुद्धही दंगे झाले. कर्जापायी जमिनी गेल्या, मालकाचे कूळ झालेल्या शेतकऱ्यांची संख्या वाढत गेली. अशा घरांतल्या पोरी मग कारखान्यांत गेल्या.

१८७२ साली तोमिओका इथे सरकारने नमुन्याची रेशीमगिरणी काढली. तिथे सुरुवातीला बऱ्या घरच्या मुली शिकायला आल्या. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत रेशीम हा जपानच्या निर्यातीचा कणा झाला तेव्हा चित्र पार बदललं. दलाल गावोगाव फिरत, बापाला आगाऊ रक्कम देत, करारावर अंगठा घेत आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन जात. दिवसाला बारा-चौदा तास काम. कोंदट, वाफेने भरलेल्या खोल्या. रात्री कुलूपबंद वसतिगृह. क्षयाने पोखरलेल्या मुली गावी परत पाठवल्या जात आणि त्यांच्यामार्फत रोग खेड्यापाड्यांत पोचे. परदेशी तोफा आणि युद्धनौका घ्यायला लागणारं परकीय चलन मोठ्या प्रमाणात या मुलींच्या बोटांतून आलं, हे जपानी इतिहासकारांनीच लिहून ठेवलं आहे.

हिदा भागातल्या मुली सुवा सरोवराकाठच्या गिरण्यांत जात, त्यासाठी नोमुगी खिंड ओलांडावी लागे. उंची सोळाशे मीटरच्या वर, नवीन वर्षाच्या सुट्टीला घरी परतताना बर्फ. १९०९ च्या नोव्हेंबरात मासाई मिने नावाची वीस वर्षांची कामगार आजारी पडली. गिरणीने भावाला बोलावून घेतलं. तो तिला पाठीवरच्या लाकडी घोडीवर बसवून डोंगर चढला. खिंडीच्या माथ्यावर पोचल्यावर तिने आपला मुलूख दिसल्याचं सांगितलं आणि तिथेच प्राण सोडला.

ही हकिकत यामामोतो शिगेमी या लेखकाने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे घराघरांत गेली. त्यांनी हिदातल्या शेकडो म्हाताऱ्या बायकांना गाठून त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या. पुस्तकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मिनेच्या मृत्यूपेक्षा वेगळी आहे. गिरणीत गेलात ते बरं झालं की वाईट, असं विचारल्यावर बहुसंख्य बायकांनी बरं झालं असं सांगितलं. घरी राबणं याहून कठीण होतं, गिरणीत निदान भात पोटभर मिळायचा, वर्षाअखेर बापाच्या हातात पैसे ठेवता यायचे. गिरणी क्रूर होती आणि घरचं दारिद्र्य त्याहून क्रूर होतं. आधुनिकीकरणाची किंमत मोजायला बसणाऱ्याने ही साक्ष वगळली तर त्याचा हिशेब खोटा ठरेल. आणि ती साक्ष मालकांच्या बचावासाठी वापरणं हाही तेवढाच मोठा अन्याय. उपाशी मुलीला भात मिळाला म्हणून तिच्या फुप्फुसांचा दाम फिटत नाही.

या सगळ्यात कोकण कुठे आलं? १८९३ च्या नोव्हेंबरात निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबई-कोबे आगबोट सुरू झाली. जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीशी हातमिळवणी करून ब्रिटिश आगबोट कंपनीची मक्तेदारी मोडली, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. त्या बोटींतून आपला कापूस ओसाकाकडे गेला. तिथल्या मुलींनी तो रात्रपाळीत कातला. त्याच सुताचं कापड पुढे हिंदुस्थानच्या बाजारात आलं आणि मुंबईच्या कापडाशी भिडलं. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा कोण होतं? १९११ च्या खानेसुमारीच्या सुमारास गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला. दापोली, खेड, गुहागर, चिपळूणचा चाकरमानी परळ-लालबागच्या खोलीत वीस-वीस गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपत होता, खानावळीत जेवत होता आणि गावी मनीऑर्डर धाडत होता.

जपानचा कारखाना कायदा १९११ मध्ये मंजूर झाला, अंमल १९१६ मध्ये सुरू झाला, पण बायकांच्या रात्रपाळीवरची बंदी मालकांनी १९२९ पर्यंत लांबवून घेतली. १९२७ च्या हिंदुस्थानी टॅरिफ बोर्डाने जपानी गिरण्यांची दुहेरी पाळी आणि बायकांची रात्रपाळी ही अन्याय्य स्पर्धा असल्याचं मान्य केलं. मुंबईच्या मालकांनी या स्पर्धेला उत्तर काय दिलं? एका कामगाराकडे जास्त साचे, जास्त चात्या, आणि उरलेल्यांना घरचा रस्ता. १९२८ चा सहा महिन्यांचा संप याच ‘रॅशनलायझेशन’विरुद्ध झाला. संपाला इतरही कारणं होती. तरीही ओसाकाच्या गिरणीतली मुलगी आणि डिलाइल रोडवरचा दापोलीकर एकाच दोऱ्याची दोन टोकं होती. एकमेकांचं नाव ऐकण्याचाही त्यांना प्रसंग आला नाही, आणि एकाची स्वस्ताई दुसऱ्याच्या पोटावर येत राहिली.

याच मुंबईत, कामाठीपुऱ्यात, जपानी वेश्याही होत्या. क्यूशू बेटाच्या शिमाबारा आणि आमाकुसा या दरिद्री भागांतून विकल्या गेलेल्या मुली सिंगापूर, रंगून, मुंबईपर्यंत पोचवल्या जात. त्यांनी घरी धाडलेला पैसाही देशाच्या गंगाजळीत जमा होत होता. देशाची अब्रू जाते असं वाटू लागल्यावर १९२० च्या सुमारास त्यांना परत बोलावलं गेलं आणि गावाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. ज्या शहरात अण्णांनी जपानी महिला विद्यापीठाचं उदाहरण समोर ठेवून भाषण केलं, त्याच शहरात त्याच देशाच्या या लेकी राहत होत्या. अण्णांच्या पदरी यात काही दोष टाकण्याचा प्रश्न नाही. पुस्तिकेत विद्यापीठ होतं, गिरणी आणि कुंटणखाना नव्हता.

विद्यापीठाबद्दलही दोन शब्द. नारुसे जिन्झो यांनी ते १९०१ मध्ये काढलं तेव्हा विभाग तीन: गृहशास्त्र, जपानी साहित्य, इंग्रजी साहित्य. त्या काळच्या सरकारी धोरणाला बाईकडून ‘चांगली पत्नी, शहाणी आई’ हवी होती, आणि नारुसेंना त्या चौकटीतूनच वाट काढावी लागली. अण्णांनी मातृभाषेतलं शिक्षण आणि बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम या दोन्ही गोष्टी उचलल्या. पहिलीचं मोल मोठं. दुसरीवर आपल्याकडे तेव्हाही टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. पण दारच बंद असताना अर्धं दार उघडणाऱ्याची योग्यता कमी होत नाही.

आता बौद्ध परंपरेकडे वळू. जपान म्हणजे बौद्ध देश, शांत मंदिरं, झेन, चहाचा सोहळा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. मेइजी राजवटीचं पहिलं पाऊल मात्र बौद्ध धर्माच्या विरुद्ध होतं. १८६८ च्या हुकमाने शिंतो देवस्थानं आणि बौद्ध मंदिरं अलग करण्यात आली आणि पाठोपाठ मंदिरं पाडण्याची, मूर्ती फोडण्याची, पोथ्या जाळण्याची लाट आली. दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतात हजाराच्या वर मंदिरं होती, ती एकूण एक बंद पडली. १८७२ मध्ये सरकारने भिक्षूंना लग्न करायला, मांस खायला, केस वाढवायला मोकळीक दिली. म्हणजे तुमच्या विनयाशी, भिक्षूंच्या आचारनियमांशी, यापुढे राज्याला देणंघेणं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मार खाल्लेल्या भिक्षुसंघाने मग काय केलं? राज्याला आपण उपयोगी आहोत हे सिद्ध करायचा सपाटा लावला. पंथांचे प्रचारक गिरण्यांत जाऊन मुलींना प्रवचनं देऊ लागले: मालकाविषयी कृतज्ञ राहा, कष्ट हे पूर्वकर्म, सोसणं हीच साधना. ‘ठेविले अनंते तैसेचि रहावे’ हे वचन ज्यांनी सोयीपुरतं ऐकवलेलं ऐकलं आहे, त्या मराठी वाचकाला हे प्रवचन ओळखीचं वाटेल. युद्धं आली तेव्हा मोठमोठ्या झेन आचार्यांनी त्यांना आशीर्वाद दिले. झेनमधल्या सोतो पंथाने १९९२ मध्ये या युद्धसहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. फार उशिरा, पण मागितली. असं करणाऱ्या धर्मसंस्था जगात थोड्या आहेत.

संघ झुकला, तरी काही खेड्यांतले भिक्षू झुकले नाहीत. हाकोनेच्या डोंगरातलं रिन्सेनजी हे सोतो पंथाचं गरीब मंदिर. तिथले उचियामा गुदो कुळांच्या घरी फिरत, त्यांचं दारिद्र्य पाहत. १९०८ च्या सुमारास त्यांनी मंदिरातच गुपचूप छापखाना लावून कुळांसाठी एक पत्रक छापलं. खंड देऊ नका, फौजेत जाऊ नका, हा त्याचा मथितार्थ. बादशहाला मारण्याच्या कथित कटाच्या खटल्यात त्यांना गोवलं गेलं आणि २४ जानेवारी १९११ रोजी फाशी झाली. पंथाने त्याआधीच त्यांचं भिक्षुपद काढून घेतलं होतं, ते परत दिलं १९९३ साली.

त्याच खटल्यात शिंगू गावचे ताकागी केन्म्यो होते. ते शुद्धभूमी परंपरेतल्या शिन पंथाचे. त्यांच्या मंदिराचे बरेचसे भक्त बुराकू वस्तीतले, म्हणजे कातडी कमावण्यासारख्या कामांमुळे पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य ठरवलेले लोक. १८७१ च्या फर्मानाने अस्पृश्यता कागदावर संपली होती, गावात नव्हती. या फाटक्या माणसांकडून दक्षिणा घेण्याची ताकागींना लाज वाटे, म्हणून त्यांनी मालिश करण्याचं काम शिकून त्यावर गुजराण केली. अमिताभ बुद्धाच्या सुखावतीत, त्या शुद्धभूमीत, उच्चनीच नाही, तर ते इथे का असावं, हा त्यांचा साधा सवाल. त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली आणि १९१४ मध्ये तुरुंगातच त्यांनी आयुष्य संपवलं. पंथाने त्यांना १९९६ मध्ये पुन्हा आपलं म्हटलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने आणखी एकदा उडी घेतली आणि आणखी एकदा किमतीचं बिल समुद्रकाठच्या गरिबांकडे गेलं. त्याआधी आशिओच्या तांब्याच्या खाणीने वातारासे नदी नासवली होती आणि खासदारकी सोडून तनाका शोझो १९०१ मध्ये बादशहाच्या बग्गीपुढे अर्ज घेऊन धावले होते. तरी शहाणपण आलं नाही. १ मे १९५६ रोजी मिनामाता रोगाची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा खाडीत, खाडीतून मासळीत, मासळीतून कोळ्यांच्या मेंदूत गेला होता. सरकारला हे कबूल करायला १९६८ उजाडलं. नोव्हेंबर १९७० मध्ये रुग्णांनी आणि त्यांच्या नातलगांनी कंपनीचा एकेक शेअर विकत घेतला आणि ओसाकाला भागधारकांच्या सभेत शिरले. अंगावर बौद्ध यात्रेकरूंचे पांढरे कपडे, हातात घंटा, तोंडी यात्रेची भजनं. ज्या परंपरेतून गिरणीतल्या मुलींना गप्प राहायला शिकवलं गेलं, तीच परंपरा या कोळ्यांनी मालकांपुढे साक्षीला उभी केली. संघाला जे शंभर वर्षांत साधलं नाही ते त्यांनी एका दिवसात करून दाखवलं, असं मी म्हणेन.

मिनामाताची नोंद झाली त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात, म्हणजे दापोलीला लागून. वडील रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहत होतं. अण्णांच्या मुरुडापासून ही ठिकाणं फार लांब नाहीत. गिरण्यांची आधुनिकता जात विसरली नाही हे बाबासाहेबांना पुरतं ठाऊक होतं. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात त्यांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. मृत्यूच्या पंधरवडाभर आधी, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले. शोषण संपलं पाहिजे, पण मार्ग हिंसेचा नको, हा त्या मांडणीचा गाभा.

इथे जपान आणि महाराष्ट्र यांतला मूळ फरक दिसतो. तिथे बौद्ध परंपरा जुनी, श्रीमंत, राज्याच्या सावलीत वाढलेली. किंमत मोजणाऱ्यांपर्यंत ती क्वचित आणि एकट्यादुकट्याच्या हिमतीवर पोचली. इथे परंपरा तुटली होती. दापोली तालुक्यातल्याच पन्हाळेकाजीला कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत, हीनयानापासून वज्रयानापर्यंतच्या खुणा त्यांत सापडतात. महाचंडरोषणाची मूर्तीही तिथे आहे, आणि हाच अचल देव जपानात फुदो म्योओ नावाने आजही पुजला जातो. लेण्यांत पुढे नाथपंथीय आले आणि बौद्ध धर्म दगडातच राहिला. तो जिता झाला तो चाकरमान्यांच्या, गोदी आणि गिरण्यांतल्या कामगारांच्या पायांनी. कोकणातली प्रत्येक बौद्धवाडी आणि मुंबईत तिच्या नावाने चालणारं मंडळ ही त्याची निशाणी. किंमत मोजणाऱ्यांनी स्वतःच धम्म हाती घेतला.

त्यामुळेच नंतर प्रवाह उलटा वाहिला. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी तर त्याआधीच, १९३३ मध्ये, वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, त्यांच्या पंथाचं मंदिर आज वरळीला आहे. सुरई ससाई साठच्या दशकात नागपूरला आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि दीक्षाभूमीच्या कामात आयुष्य घातलं. जपानी भिक्षू इथे शिकवायला आले असं म्हणतात. ससाईंचं आयुष्य पाहिलं तर मला वाटतं, ते इथे शिकायलाही आले.

जपानचा पैसा आणि तंत्रज्ञान आज पुन्हा आपल्या दारात आहे. अजिंठा-वेरूळच्या जतनाला जपानी कर्ज मिळालं, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन जपानी कर्जावर उभी राहते आहे. यातलं चांगलं घ्यावं. पण लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी दाभोळच्या खाडीत उतरतं आणि खाडीकाठचा कोळी मेलेली मासळी दाखवतो, तेव्हा मिनामाता आठवलीच पाहिजे. २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमाचा अपघात झाला आणि पुढच्याच महिन्यात जैतापूर अणुप्रकल्पाविरोधाच्या आंदोलनात साखरी नाट्याला गोळीबारात एक मच्छीमार मारला गेला. अशा वेळी बुद्धाचं नाव घेणाऱ्यांची जागा खाडीकाठी आहे, याबद्दल मला तिळभर शंका नाही.

एक काम मात्र आपल्या हातात आहे आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. गिरणगावच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केल्या. गावी राहिलेल्या बायकांच्या आठवणीही तशाच गोळा व्हायला हव्यात: नवरा वर्षाला एकदा शिमग्याला किंवा गणपतीला येणार, मनीऑर्डर येईल तेव्हा येणार, भाताची लावणी, सासू, पोरं, सगळं एकटीने. १९८२ च्या गिरणी संपात मनीऑर्डरी थांबल्या तेव्हा त्यांनी काय केलं, हे फक्त त्याच सांगू शकतात. त्या वेळच्या तरुण सुना आज सत्तरीच्या आसपास आहेत. यामामोतोंनी नोमुगीच्या आज्यांना गाठलं तसं मराठा वाडीत, कुणबीवाडीत, बौद्धवाडीत, मोहल्ल्यात जाऊन त्यांना गाठा. ‘बरं झालं की वाईट’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर जसंच्या तसं उतरवून घ्या. अण्णांनी काढलेल्या विद्यापीठातल्या मुलींनी हे काम हाती घ्यावं, आणि सुरुवात दापोली तालुक्यातून करावी.